बारा जण आणि एक ट्रिगर

मी: ऐका सगळे, स्टुडिओ बघून आले. चार तासांसाठी भाड्याने मिळतोय, पोर्ट्रेट लाइटिंगचं बेसिक वर्कशॉप घ्यायचं ठरवलंय, बारा जण धरतेय. तिथे खुर्च्या वीस आहेत म्हणजे बारा आरामात बसतील. काही सुचवायचं असेल तर आत्ताच सांगा, उद्या ॲडव्हान्स भरायचाय

मावशी: अरे वा! बाथरूम आहे ना गं तिथे? आणि कपडे बदलायला खोली?

मी: बाथरूम आहे मावशी. खोलीचं बघितलंच नाही

मावशी: मग परत जाऊन बघ. मॉडेल मुलगी असेल तर पडद्यामागे कपडे बदलायला लावू नकोस तिला, दार हवं आणि आतून कडी हवी

दादा: बारा कुठून काढलेस

मी: खुर्च्यांवरून 😅

दादा: खुर्च्या नाही गं मोजायच्या, लाइट मोजायचे. काय काय देतायत ते लोक

मी: दोन स्ट्रोब (स्टुडिओचे मोठे फ्लॅश), उजेड मऊ करायला एक सॉफ्टबॉक्स, एक अंब्रेला, रिफ्लेक्टर. ट्रिगर एक (कॅमेऱ्यावर बसवून फ्लॅश पाडायचा तो). एक मोठा एलईडी पण आहे कोपऱ्यात, धूळ खात

दादा: मग झालं, एका वेळी एकच माणूस फोटो काढणार. ज्याच्या कॅमेऱ्यावर ट्रिगर त्याच्याच शटरला फ्लॅश पडतो, शेजारच्याने अगदी त्याच सेकंदाला बटण दाबलं तरी त्याच्या फोटोत अंधार. आता हिशोब कर, चार तास म्हणजे २४० मिनिटं, त्यातला एक तास तू बोलणार (तू बोलणार म्हणजे खरं तर दीड धरायला हवा), उरली १८०, बारा जणांत भाग दे, १५ मिनिटं आली. म्हणजे प्रत्येकाने पैसे भरून १५ मिनिटं फोटो काढायचे आणि पावणेतीन तास दुसऱ्याची पाठ बघायची

वहिनी: आणि ती मॉडेल तीन तास सलग हसत उभी राहणार का? बसायला स्टूल दे तिला, आणि अर्ध्या तासाने ब्रेक

मी: मग अजून एक ट्रिगर मागून घेते ना, सोप्पं

दादा: त्याच हेडला (म्हणजे स्ट्रोबला) दोन ट्रिगर जोडलेस तर अजून गोंधळ, एकाचा फ्लॅश पडून हेड परत चार्ज व्हायच्या आत दुसरा मारणार, मग एकाचा फोटो उजळ आणि दुसऱ्याचा काळा आणि दोघंही तुला विचारणार माझी सेटिंग चुकली का. त्यापेक्षा दोन कोपरे कर. एकात स्ट्रोब, दुसऱ्यात तो धूळ खाणारा एलईडी. एलईडी सतत चालू असतो, तिथे चार जण एकदम काढू देत, ट्रिगरचा प्रश्नच नाही. फक्त उजेड फ्लॅशपेक्षा खूप कमी असतो, तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० आणि एफ २.८ (लेन्सचं तोंड मोठं उघडून) वगैरेवर जावं लागेल. आणि मध्ये काळा कपडा किंवा काळे थर्माकोलचे बोर्ड उभे कर, नाहीतर इकडचा स्ट्रोब तिकडच्या आयएसओ ८०० वाल्याचे फोटो जाळणार अधूनमधून

मी: म्हणजे आठ जण? चार इकडे चार तिकडे आणि अर्ध्यात अदलाबदल?

दादा: हां. मग स्ट्रोबवर ९० मिनिटांत चार जण, प्रत्येकाला २२ मिनिटं, आणि एलईडीवर पूर्ण ९० मिनिटं हात चालू. तिथे कॅमेरा घेऊन रिकामं कुणी बसत नाही

काका: आमच्या वेळी एका रोलमध्ये ३६ फोटो यायचे, २२ मिनिटं लागायची एका फोटोला 😄

धाकटा: बाबा 🙏

मी: जागा तीस फूट बाय अठरा आहे, दोन कोपरे होतील ना?

दादा: होतील पण पूर्ण उंचीचे फोटो विसर. ८५ मिमीच्या लेन्सने फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) डोक्यापासून पायापर्यंत माणूस घ्यायचा तर पाच मीटर मागे जावं लागतं, वर मॉडेलच्या मागे बॅकग्राउंडपर्यंत दीड दोन मीटर, तुझ्या पाठीला थोडी जागा, झाले की पंचवीस फूट, दुसरा कोपरा कुठे करणार, बाथरूममध्ये? कमरेपर्यंतचा फोटो अडीच मीटरवरून होतो. दोन्ही टोकांना बॅकग्राउंड लाव, फोटो काढणारे मध्ये, पाठीला पाठ लावून. ज्यांच्याकडे क्रॉप सेन्सर (लहान सेन्सर) आहे त्यांना सांग ५० मिमी आणा, कॅमेऱ्यासोबत येते त्या किट लेन्सने पण भागेल. छत किती उंच आहे?

मी: ते बघितलं, साधारण दहा फूट

दादा: चालेल. आठ फूट असतं तर सॉफ्टबॉक्स वर चढवताच आला नसता, उंच माणसाच्या डोळ्यासमोरच आला असता

मी: आणि शिकवायचं काय काय? माझ्या डोक्यात लाइटिंगचे बरेच प्रकार आहेत, रेम्ब्रां, बटरफ्लाय, स्प्लिट, रिम, हाय की, लो की, जेल..

दादा: अगं चार तासात?? एकच गोष्ट नीट दाखव, अंतर. पांढरा कागद मागे लाव, एकच सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून एक मीटरवर, मॉडेल कागदाच्या एक मीटर पुढे. कागद लाइटपासून दोन मीटर, म्हणजे चेहऱ्यापेक्षा त्याच्यावर उजेड चौथा हिस्सा, दोन स्टॉप (म्हणजे दोनदा अर्धा) कमी, राखाडी दिसतो. आता मॉडेलला आणि लाइटला दोघांना उचलून कागदापासून तीन मीटर पुढे आण, चेहऱ्यापासून लाइट तेवढाच एक मीटर. कागद आता चार मीटरवर, सोळावा हिस्सा उजेड, जवळजवळ काळा. कॅमेऱ्याची एकही सेटिंग बदलली नाही, कागद तोच. हे ज्याने स्वतःच्या स्क्रीनवर बघितलं त्याला लूप आणि रेम्ब्रां नंतर कुणीही शिकवेल. मी हे वर्षभर पाठ करत होतो, समोर बघितलं तेव्हा पाच मिनिटात कळलं

वहिनी: खरंय, मला घरात दिवाणखान्यात टेबललॅम्प घेऊन दाखवलं होतं ह्याने, तेव्हा कळलं (मागे न धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता तो दिसेनासा झाला हा खरा फायदा)

मी: 😂 पण पांढऱ्या भिंती आहेत सगळ्या, उजेड उडून परत येईल ना

दादा: येणारच, म्हणून लिहिलंय तसं आकड्यात तंतोतंत नाही दिसणार. बाजूला काळे बोर्ड लाव, बऱ्यापैकी जवळ जाशील. आणि फ्लॅशवर सगळ्यांना शटर १/१२५, एफ ८, आयएसओ १०० वर सुरू करायला सांग, पुढे फक्त हेडची पॉवर कमी जास्त कर. कुणीतरी हौसेने १/५०० करणार आणि फोटोत अर्धी काळी पट्टी येणार, बहुतेक कॅमेऱ्यांचा सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर) १/२०० नाहीतर १/२५० पर्यंतच असतो. ती पट्टी मुद्दाम दाखव, विसरत नाही मग कुणी. आणि मिररलेसवाल्यांचा व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट होईल, त्यांना एक्स्पोजर प्रीव्ह्यू (सेटिंगप्रमाणे फोटो किती उजळ येईल ते आधीच दाखवतं ते) बंद करायला आधीच मेसेज टाक नाहीतर पहिली वीस मिनिटं मेनू शोधण्यात जातात

मावशी: मला काही कळत नाहीये पण एसी चालतो का विचार

दादा: मावशीला हसू नकोस गं, हा खरा प्रश्न आहे. मी एका ठिकाणी शूट करत होतो, एसी, दोन हेडचे मॉडेलिंग लॅम्प (आतले सतत चालू दिवे), हीटरवाली प्रेस, सगळं एकाच लाइनवर, ऐन वेळी ट्रिप. विजेचा बोर्ड कुठे आहे हे माहीत असलेला माणूस बाहेर गेलेला. तर जाऊन बोर्ड बघ आणि सगळं एकदम लावून बघ. आणि स्टँडला वाळूच्या पिशव्या आहेत का, वायरी टेपने जमिनीला चिकटवायच्या, आठ जण अंधारात मागे मागे चालणारेत

मी: अजून एक, स्टुडिओवाल्यांना मी शूट म्हणून सांगितलंय, वर्कशॉप म्हटलं नाही 🙈

दादा: आधी सांग! शूटला चार माणसं धरतात ते, दहा जण दारात उभे राहिले तर मालकाचा मूड जाणार आणि त्याचं चूकही नाही. आणि चार तासात मांडणं आवरणं धरलंय का ते लिहून घे. धरलं असेल तर पाच तासांचा घे, चार तासांचा क्लास तीन तासांचा होऊन बसेल

वहिनी: मॉडेलकडून लेखी घे की फोटो कुठे टाकलेले चालतील. आठ कॅमेरे म्हणजे आठ अकाउंट. आणि पोज द्यायला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं, हे सुरुवातीलाच सगळ्यांना मोठ्याने सांग

मी: 👍 लिहिलं सगळं. आठच घेते. धाकट्या येतोयस ना तू, तुझा कॅमेरा कुठला?

धाकटा: कॅननचा १५००डी ताई

दादा: अरे बापरे. हॉटशू (वरची फ्लॅश बसवायची खाच) बघ, मध्ये गोल पॉइंट आहे का?

धाकटा: नाहीये. बाजूला चार बारीक टिकल्या आहेत

दादा: तेच. १५००डी, ३०००डी, २००डी टू ह्यांना मधला पॉइंटच दिलेला नाही, साधा ट्रिगर चालणार नाही. त्या बॉडीला चालतो असं लिहिलेला कॅननसाठीचाच ट्रिगर हवा. हा प्रश्न सगळ्या आठ जणांना आधी विचार गं, दोघंतिघं तरी असे निघतात

धाकटा: म्हणजे मी फक्त एलईडीवर?

मी: बघते रे मिळतो का भाड्याने

काका: माझा जुना एसएलआर चालेल का? कपाटात आहे. फ्लॅश पण आहे त्याचा

दादा: काका कॅमेरा आणा, फ्लॅश घरीच ठेवा. जुन्या फ्लॅशच्या पॉइंटवर कधी कधी दोनशे व्होल्टच्या वर असतं, कुणी गंमत म्हणून डिजिटल बॉडीवर लावला तर बॉडी जाईल

काका: बरं. शटरच्या डायलवर ६० लाल रंगात आहे आणि बाजूला एक्स लिहिलंय

दादा: हां, तोच तुमचा सिंक, ६० वरच ठेवा. रोल ४०० आयएसओचा टाकलात तर एफ ८ च्या जागी १६ लावा, बाकी सेम

काका: [फोटो]

काका: मध्ये एक गोल ठिपका आहे. हाच ना तो पॉइंट?

दादा: हाच काका

धाकटा: 😭

काका: ट्रिगर मग मला द्या