मदत हवी आहे: टोकन एकाचं, विनंती दुसऱ्याची (डब्ल्यूएस-ट्रस्ट, अपाचे सीएक्सएफ)

दावा_डेस्क

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण त्याच्या दुसऱ्या टोकाला डिस्चार्जची वाट बघणारे रुग्ण आहेत, म्हणून नीट मांडते.

आमचं सॉफ्टवेअर रुग्णालयांच्या विमा कक्षात चालतं, मुख्यतः कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडची मध्यम आकाराची रुग्णालयं. कॅशलेसची पूर्वमंजुरी, वाढीव रकमेची मागणी, अंतिम बिल हे सगळं कक्षातला कर्मचारी आमच्या स्क्रीनवर भरतो आणि आमचा सर्व्हर ते विमा कंपनीच्या सोप सेवेकडे (एक्सएमएल संदेशांवर चालणारी वेब सेवा) पाठवतो. प्रत्येक संदेशाच्या डब्ल्यूएस-सिक्युरिटी हेडरमध्ये सॅमल 2.0 टोकन, म्हणजे विनंती कोणाची ते सांगणारं सही केलेलं ओळखपत्र, लागतं. ते त्यांच्याच एसटीएसकडून, म्हणजे टोकन देणाऱ्या सेवेकडून, डब्ल्यूएस-ट्रस्ट 1.3 या मानकाप्रमाणे मागून घ्यायचं. आमचा सर्व्हर सर्टिफिकेट दाखवून स्वतःची ओळख पटवतो आणि कर्मचाऱ्याची ओळख ऑन-बिहाफ-ऑफ ('यांच्या वतीने') या भागात देतो. परत येतं ते टोकन कर्मचाऱ्याच्या नावाचं. कोणत्या रुग्णालयातल्या कोणी काय मागितलं, याची नोंद समोर त्यावरूनच होते. टोकनची मुदत 30 मिनिटं, प्रकार बेअरर, म्हणजे ज्याच्या हातात त्याला वापरता येणारं.

अडचणी दोन आहेत. पहिली, मोठी कागदपत्रं जोडलेल्या विनंत्या अधूनमधून 'इन्व्हॅलिड सिक्युरिटी टोकन' म्हणून परत येतात. पुन्हा पाठवल्या की जातात.

दुसरीने झोप उडाली आहे. विमा कंपनीने त्यांच्या नोंदी पाठवल्या, त्यात कोल्हापूरच्या रुग्णालयाची पूर्वमंजुरी सांगलीच्या कर्मचाऱ्याच्या नावावर दिसते. आमचा लॉग उघडला तर तिथेही तेच (नेम-आयडी म्हणजे टोकन ज्याचं त्याचं नाव):

11:02:14 लॉगिन कोल्हापूर-कक्ष-2, पूर्वमंजुरी, टोकनमधला नेम-आयडी सांगली-कक्ष-1
11:09:40 लॉगिन सोलापूर-कक्ष-1, वाढीव रक्कम, टोकनमधला नेम-आयडी सांगली-कक्ष-1

रक्कम, रुग्णाचं नाव, पॉलिसी क्रमांक सगळं बरोबर, फक्त मागणाऱ्याचं नाव चुकीचं. पण उद्या एखाद्या दाव्यावर वाद झाला तर ज्या माणसाने तो अर्ज पाहिलाही नाही, त्याला जाब विचारला जाईल.

तांत्रिक तपशील: जावा, स्प्रिंग, अपाचे सीएक्सएफ 3.5 (सोप सेवांसाठीची जावा लायब्ररी). लोड बॅलन्सरमागे दोन सर्व्हर. सेवेचा प्रॉक्सी (तिला हाक मारणारा आमच्याकडचा ऑब्जेक्ट) सिंगलटन बीन आहे, म्हणजे सगळ्यांसाठी एकच. ऑन-बिहाफ-ऑफसाठी एसटीएस-क्लायंटला कॉलबॅक (टोकन मागताना चालणारा आमचा कोड) दिलाय, तो चालू लॉगिनवरून ओळख भरतो. कुठे बघू?

थ्रेडगाठ

सिंगलटन प्रॉक्सी म्हटल्यावर पहिला संशय रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टवर, म्हणजे विनंतीसोबतची माहिती ठेवायच्या जागेवर. सीएक्सएफमध्ये तो मुळात सगळ्या थ्रेडमध्ये सामाईक असतो. दोघांनी एकाच वेळी हाक मारली तर एकाने ठेवलेली माहिती दुसऱ्याच्या विनंतीत जाऊ शकते. 'थ्रेड.लोकल.रिक्वेस्ट.कॉन्टेक्स्ट' ट्रू करून बघा. अदलाबदल एकाच क्षणी आलेल्या विनंत्यांमध्येच होते का?

दावा_डेस्क

तसं असतं तर गर्दीच्या वेळी जास्त दिसलं असतं. इथे दुपारी दोनला, कक्षात एकच माणूस असतानाही दिसतंय. शिवाय रिक्वेस्ट कॉन्टेक्स्टमध्ये आम्ही ओळख ठेवतच नाही, ती कॉलबॅकमधूनच जाते.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. चुकीचं नाव दर वेळी वेगळं नसतं. एका सर्व्हरवर बराच वेळ 'सांगली-कक्ष-1' राहतं, मग अचानक दुसरं कुणीतरी येतं आणि तेच चिकटून बसतं.

सही_शिक्का

ताई, 'बराच वेळ' म्हणजे साधारण अर्धा तास का? आणि कॉलबॅकच्या आत एक लॉगची ओळ टाका. तो प्रत्येक विनंतीला चालतो का तेवढं बघून सांगा.

दावा_डेस्क

टाकली. तुमचा रोख आता कळला. सर्व्हर सुरू झाल्यावर पहिल्या विनंतीला कॉलबॅक चालला, मग जवळपास अर्धा तास एकदाही नाही. त्यानंतर जो पहिला आला त्याच्यासाठी पुन्हा चालला. म्हणजे मधल्या सगळ्यांसाठी आमचा सर्व्हर एसटीएसकडे गेलेलाच नाही!

सही_शिक्का

हेच. सविस्तर लिहितो, कारण मध्यस्थ सर्व्हर बांधणाऱ्या बऱ्याच जणांना हे उपयोगी पडेल.

एसटीएसकडून आलेलं टोकन सीएक्सएफ त्या प्रॉक्सीपाशीच जपून ठेवतं. पुढच्या विनंतीला प्रॉक्सीपाशी मुदतीतलं टोकन सापडलं की ते तसंच जोडलं जातं, नवीन मागितलं जात नाही. एकच माणूस किंवा एकच यंत्रणा तो प्रॉक्सी वापरत असेल तर हे योग्यच आहे, प्रत्येक संदेशामागे एसटीएसची एक फेरी वाचते. पण तुमचा प्रॉक्सी अनेकांच्या वतीने बोलतो. तिथे पहिल्या माणसाचं टोकन मुदत संपेपर्यंत सगळ्यांच्या कपाळी येतं. समोरच्या सेवेला यात काहीच वावगं दिसत नाही: सही एसटीएसची आहे, मुदत शिल्लक आहे, ऑडिअन्स (टोकन कोणत्या सेवेसाठी आहे ते) जुळतो. सगळ्या तपासण्या पार होतात, म्हणूनच कुठेही एरर नाही.

यावर सीएक्सएफमध्येच सोय आहे: 'सिक्युरिटी.कॅश.इश्यूड.टोकन.इन.एंडपॉइंट'. मूळ किंमत ट्रू. मध्यस्थ यंत्रणेने ती फॉल्स ठेवावी असं त्यांच्या दस्तऐवजातही लिहिलंय. हा बदल आजच करा, बाकी सगळं नंतर.

फॉल्स केल्यावर एसटीएसवर भार वाढला तर टोकन साठवायला हरकत नाही, पण साठ्याची किल्ली नीट ठरवा. नुसतं वापरकर्त्याचं नाव पुरत नाही. दोन रुग्णालयांत 'रिसेप्शन' नावाचं लॉगिन असू शकतं. रुग्णालय, वापरकर्ता आणि अप्लाइज-टू म्हणजे टोकन ज्या सेवेसाठी मागितलं तिचा पत्ता, अशी तिन्ही मिळून किल्ली करा. पूर्वमंजुरीच्या सेवेसाठीचं टोकन बिलाच्या सेवेला दाखवलं तर ऑडिअन्सच्या तपासणीत ते अडेल, आणि अडायलाच हवं. कर्मचाऱ्याने लॉगआउट केलं की त्याचं टोकन साठ्यातून काढा. दोन सर्व्हरचे साठे वेगवेगळे राहिले तरी चालतं, फार तर एकाच माणसासाठी दोन टोकन निघतील. टोकन सामाईक डेटाबेसमध्ये ठेवायच्या फंदात पडू नका, बेअरर टोकन जिथे जिथे पडून राहतं तिथे तिथे ते राखावं लागतं.

थ्रेडगाठ

मान गये. अर्ध्या तासाचा धागा माझ्या ध्यानातच आला नाही.

नवी_पालवी

सोप, सॅमल हे सगळं 2005 च्या आसपासचं आहे. ओऑथ 2.0 या नंतरच्या पद्धतीवर का जात नाही? तिथलं जेडब्ल्यूटी टोकन छोटं असतं, आणि दुसऱ्याच्या वतीने टोकन मिळवायला 2020 पासून आरएफसी 8693 हे मानक आहे.

सही_शिक्का

सेवा विमा कंपनीची आहे, ताईंच्या हातात ते नाही. आणि ओऑथवर गेलं तरी एकाचं ॲक्सेस टोकन साठवून दुसऱ्यासाठी वापरलं तर नेमकं हेच होईल. टोकनचा ढाचा बदलून हा प्रश्न सुटत नाही.

दावा_डेस्क

फॉल्स करून चाचणीच्या सर्व्हरवर तीन वेगवेगळ्या लॉगिनने विनंत्या पाठवल्या. तिन्हींचे नेम-आयडी बरोबर आले. मनावरचं ओझं उतरलं, खरंच आभार. आज रात्री प्रॉडक्शनला टाकतोय.

आता पहिली अडचण. मोठ्या कागदपत्रांच्याच विनंत्या का परत येतात? दोन्ही सर्व्हरची घड्याळं एनटीपीने जुळलेली आहेत, विमा कंपनीकडूनही तसंच कळवलंय. रिन्यू (जुन्याच टोकनची मुदत वाढवून घेणं) वापरून बघू का?

सही_शिक्का

घड्याळ बिघडलं असतं तर लहान विनंत्याही अडल्या असत्या. मला वाटतं टोकन वाटेतच संपतंय. साठ्यातलं टोकन उचलताना सीएक्सएफ बघतं की ते लवकरच संपणार आहे का, आणि हे 'लवकर' मुळात 10 सेकंदांचं आहे. समजा टोकनला 15 सेकंद उरलेत. क्लायंटच्या मते ते चालू आहे, म्हणून जोडलं. स्कॅन केलेली केस पेपरची पानं वर चढायला 40 सेकंद लागली, पूर्ण संदेश पोचून तपासणीला येईपर्यंत नॉट-ऑन-ऑर-आफ्टर (टोकन संपण्याची वेळ) उलटून गेलं. छोटी विनंती दोन सेकंदांत पोचते, म्हणून ती सहसा सापडत नाही. 'सिक्युरिटी.एसटीएस.टोकन.इमिनंट-एक्सपायरी-व्हॅल्यू' वाढवा. तुमची सर्वांत संथ विनंती किती वेळ घेते ते मोजा आणि त्याच्या दुप्पट ठेवा. 120 ठेवलं तरी 30 मिनिटांच्या टोकनात काही बिघडत नाही.

आणखी एक मुदत असते ती विसरू नका. संदेशाच्या हेडरमधला टाइमस्टॅम्प टोकनपासून वेगळा असतो. समोर डब्ल्यूएसएसफोरजे (संदेशाची सुरक्षा तपासणारी जावा लायब्ररी) असेल तर तिथे मुळात 300 सेकंदांपर्यंतचा जुना आणि 60 सेकंदांपर्यंत पुढचा टाइमस्टॅम्प चालतो. तिथे अडलं तर फॉल्टमध्ये (सोपच्या एररच्या उत्तरात) 'मेसेज एक्सपायर्ड' दिसतं. तुमचा फॉल्ट वेगळा आहे, म्हणून मी टोकनकडे बोट दाखवतोय.

रिन्यूच्या मागे लागू नका. संपलेलं टोकन नंतर रिन्यू करून मिळावं ही परवानगी टोकन घेतानाच मागावी लागते, आणि ती घेऊ नये असं डब्ल्यूएस-ट्रस्टचं मानकच सांगतं, कारण चोरलेल्या टोकनला त्याने नवं आयुष्य मिळतं. कर्मचारी लॉगिन आहे ना, मग त्याच्या नावाने नवं टोकन मागा.

दावा_डेस्क

पटलं. मोजलं तर सर्वांत संथ विनंती 50 सेकंदांच्या आसपास आहे, सोलापूरच्या एका रुग्णालयाची लाइन फारच मंद आहे. 120 ठेवतेय.

तुम्ही बेअररबद्दल लिहिलंत त्यावरून विचारते. सपोर्टसाठी आम्ही पूर्ण सोप संदेश लॉगमध्ये लिहितो, टोकनसकट. ते बंद करावं का?

सही_शिक्का

टोकन लिहिणं ताबडतोब बंद करा. बेअरर टोकन ज्याच्या हातात तो त्याचा मालक. मुदतीच्या आत लॉग कुणी उघडला तर त्याला त्या कर्मचाऱ्याच्या नावाने विनंती पाठवता येते. तपासासाठी टोकनचा आयडी, नेम-आयडी आणि मुदत एवढं पुरतं. रुग्णाचं निदान लॉगमध्ये जात असेल तर तेही झाका.

विमा कंपनी तयार असेल तर होल्डर-ऑफ-की प्रकारचं टोकन मागा. त्यात एसटीएस टोकनसोबत एक किल्ली बांधून देतो आणि प्रत्येक संदेशावर त्या किल्लीने सही करावी लागते. नुसतं टोकन चोरून भागत नाही. गणिताचा भार थोडा वाढतो, पण तुमच्या कामाला ते शोभेल.

दावा_डेस्क

विचारते त्यांना. मागच्या चुकीच्या नोंदी कशा दुरुस्त करायच्या हा शेवटचा प्रश्न. विमा कंपनी म्हणतेय, यादी द्या.

हिशेब_तपासनीस

मी ऑडिटच्या बाजूचा आहे, कोडमधलं फार कळत नाही. यादी द्याच, पण जुन्या नोंदी खोडून नवं नाव टाकायला सांगू नका. मूळ नोंद तशीच राहू द्या. तिच्याशेजारी दुरुस्तीची नोंद हवी: विनंती क्रमांक, टोकनमधलं नाव, तुमच्या लॉगिनवरून सिद्ध होणारं नाव, आणि कारण. तुमचे लॉगिनचे लॉग अजून असतील तर आजच त्यांची प्रत वेगळी काढून ठेवा, बऱ्याच ठिकाणी जुने लॉग आपोआप पुसले जातात. आणि ज्यांच्या नावावर दुसऱ्यांच्या विनंत्या गेल्या त्या कर्मचाऱ्यांना, निदान त्यांच्या रुग्णालयांना, लेखी कळवा. त्यांना हे बाहेरून कळता कामा नये.

दावा_डेस्क

लॉगिनचे लॉग आहेत, प्रत काढायला आत्ताच सांगितलं. कक्षांना पत्रं उद्या जातील.