प्रति: आधी एआय, बाकीचं मागाहून?

'मुलांना आधी एआय शिकवा, बोलणं-वागणं नोकरीत आपोआप जमतं' हे इथल्या चर्चेत मांडलेलं मत मला अर्धंच पटलं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनचंच घ्या, म्हणजे दिलेल्या प्रश्नावर ठरल्या वेळात उपाय बनवून दाखवायची केंद्र सरकारची विद्यार्थी-स्पर्धा. २०१७ पासून चालू आहे. ६ जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि सॉफ्टवेअर गटाची अंतिम फेरी सलग ३६ तास. आमच्या कॉलेजच्या संघांना मी मार्गदर्शन करतो. हल्ली कोडचा सांगाडा चॅटजीपीटी बघता बघता उभा करून देतो, तिथे फारसं कुणी अडत नाही. अडतं ते परीक्षकाने 'हे वापरणार कोण?' असं विचारल्यावर.

एका संघाने पानाच्या फोटोवरून पिकावरचे रोग ओळखणारं झकास एआय मॉडेल केलं होतं, पण एकाही शेतकऱ्याला विचारलं नव्हतं! पानाचा फोटो भर उन्हात, चिखलाच्या हाताने, रेंज नसताना काढायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. (त्यातली दोन शेतकऱ्यांचीच पोरं, हे विशेष.) पुढच्या खेपेला त्यांना आधी आठवडाभर बांधावर पाठवलं. मॉडेल जवळपास तेच राहिलं, पण ॲप मराठीत बोलायला आणि नेटशिवाय चालायला लागलं.

आता या बांधावरच्या आठवड्याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे? कुणी तसं करून पाहिलं असेल तर जरूर लिहा.