नागपुरात फ्लॅट स्कीमचे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट) चालवायला घ्यावेत का? गणित कसं बसतं?

मानेवाडा_पॅनेल
आमची फर्म मोटर, पंप आणि कंट्रोल पॅनेलच्या मेंटेनन्सची. बेसा, मनीषनगर, वर्धा रोडकडच्या मोठ्या फ्लॅट स्कीममधून आता विचारणा येते की एसटीपीचं वार्षिक कंत्राट घ्याल का. सध्या समोर १०० केएलडीचा (रोज १०० किलोलिटर) एमबीबीआर प्लांट आहे, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढलेले जीवाणू घाण खातात तो प्रकार. या धंद्यात मोठ्या कंपन्या आधीच बसल्या आहेत, मग आमच्यासारख्याला जागा कुठे? महिन्याचा दर कसा काढायचा? आणि फसायला कुठे होतं?

जलगणित
भाऊ, बाहेरून एकच दिसतो, पण हे तीन निरनिराळे धंदे आहेत.

सगळ्यात वर महापालिकेचे लांब पल्ल्याचे करार. शहराचा पाणीपुरवठा २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर बघते. विओलिया आणि विश्वराज यांची ही संयुक्त कंपनी, करार २५ वर्षांचा, मालमत्ता मात्र महापालिकेचीच. सांडपाण्यात भांडेवाडीचा प्लांट बघा. तिथलं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे पाणी विकत घेणारा पक्का ग्राहक उशाशीच आहे. २०१६ च्या वीज दर धोरणाने तर ५० किलोमीटरच्या आत एसटीपी असेल तर औष्णिक केंद्राने तेच पाणी वापरावं अशी अटच घातली. असा ग्राहक जिथे नाही तिथे सरकारलाच पैसे मोजावे लागतात. नमामि गंगेत त्यासाठी हॅम मॉडेल आणलं: भांडवलाचे ४० टक्के बांधकाम चालू असताना, उरलेले ६० टक्के १५ वर्षांत हप्त्याहप्त्याने, चालवण्याचा खर्च वेगळा. या थरात शिरायला मोठी उलाढाल आणि तशाच कामाचा अनुभव लागतो. तुम्ही तिकडे बघूच नका.

मधला थर प्लांट बांधून देणाऱ्यांचा. चेन्नईची वाबाग बहुतेक सरकारी कामात, पुण्याची थरमॅक्स आणि मुंबईची आयन एक्स्चेंज कारखान्यांच्या कामात जास्त. बुटीबोरी, हिंगण्याच्या युनिटमध्ये यांची नावं दिसतील. इथे पॅनेल आणि पंपाचं उपकंत्राट मिळू शकतं.

तिसरा थर तुमच्या दारात आलाय. महिन्याला लाखभराच्या कंत्राटासाठी मोठी कंपनी माणूस पाठवत नाही. पण एक ओळखून असा: हे प्लांट बिल्डरने ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळवण्यासाठी सर्वात स्वस्त कोटेशनवर बांधलेले असतात. पुढे चालवायचे कोणी, हा विचार ड्रॉइंगमध्ये नसतो. जागा आहे ती त्यामुळेच, आणि धोकाही त्यातच.

ब्लोअर_साडेसात
दराचं बोलतो. १०० केएलडीला दोन शिफ्टचे दोन ऑपरेटर आणि एक बदली माणूस. पगार १६ हजार धरला तर पीएफ, ईएसआय, बोनससकट माणशी २० हजार पडतात, म्हणजे ६० हजार. हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) रोज ५ लिटरच्या आसपास, महिन्याला ३ हजार. गाळ पिळणाऱ्या फिल्टर प्रेससाठी पॉली (गाळ गोळा करणारं रसायन) दीड हजार, मान्यताप्राप्त लॅबची मासिक तपासणी ३ हजार, सुपरवायझरच्या फेऱ्या ६ हजार. बेल्ट, सील, ऑइल, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह यांसाठी ८ हजार बाजूला ठेवाच. झाले साडेएक्याऐंशी हजार. त्यावर १५ टक्के चढवले की ९४ हजारांच्या जवळ, जीएसटी वेगळा. वीजबिल स्कीमच्याच मीटरवर राहू द्या. तुमच्याकडे पगाराचे आकडे वेगळे असतील, पण खर्चाचे कप्पे हेच.

नवखे चुकतात ते इथे: समिती म्हणते "किलोलिटरमागे दर सांगा". सांगू नका. पूर्ण भरून चालला तर महिन्याला ३,००० किलोलिटर, म्हणजे ३१ रुपये. अर्धे फ्लॅट रिकामे असले आणि रोज ६० केएलच येत असले तर तोच खर्च ५२ रुपयांवर जातो, कारण माणसं तेवढीच लागतात. ठोक मासिक दर, आणि ५ हजारांवरचा सुटा भाग स्कीमच्या खर्चाने, हे दोन्ही लेखी.

कन्सेंट_फाइल
वरचा हिशेब बरोबर आहे, पण तो धड प्लांटचा. आजारी प्लांट त्याच दरात घेतलात तर तीन महिन्यांत घरचे पैसे घालाल. सही करण्याआधी दोन दिवस तिथे घालवा, आणि त्याची वेगळी फी घ्या.

आधी लॉगबुक. रोज पीएच ७.२, रोज फ्लो ९५, सगळं एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेलं दिसलं की ते बाजूला ठेवा आणि वीज मीटर वाचा. टाकीत हवा सोडणारा साडेसात एचपीचा ब्लोअर २० तास चालला तर एकटाच १०० युनिटच्या घरात खातो. पूर्ण प्लांटचे दिवसाला ३५ युनिट येत असतील तर रात्री ब्लोअर बंद असतो, मग लॉगबुक काहीही म्हणो.

मग मीडिया, म्हणजे जीवाणू ज्यावर वाढतात ते प्लास्टिकचे तुकडे. १०० केएलडी आणि बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरमागे २५० मिलिग्रॅम धरला तर रोज २५ किलो बीओडी. चौरस मीटरमागे ४ ग्रॅमचा भार पकडला तर सव्वासहा हजार चौरस मीटर पृष्ठभाग हवा. घनमीटरला ४०० चौरस मीटरचा मीडिया असेल तर साडेपंधरा घनमीटर. आता प्रत्यक्ष मोजा: ब्लोअर बंद करा, मीडिया वर तरंगू द्या, मोजपट्टी लावा. टाकी ३ बाय ५ मीटरची असेल तर थर मीटरभर दिसला पाहिजे. वीतभरच दिसला तर बिल्डरने काटकसर केली किंवा आउटलेटची जाळी फाटून मीडिया पुढे वाहून गेला. बायोफिल्म चढलेले काही तुकडे खाली राहतात, म्हणून लांब दांड्याच्या जाळीने तळही चाचपा. आणि कोणी एसव्ही-३० चा (अर्ध्या तासात किती गाळ बसतो ते बघायचा) सिलिंडर दाखवून "गाळ छान बसतो" म्हटलं तर हसून सोडून द्या. एसबीआर किंवा एक्सटेंडेड एरेशन या दुसऱ्या पद्धतींच्या प्लांटमध्ये त्या परीक्षेला अर्थ आहे. एमबीबीआरमध्ये जीवाणू मीडियावर असतात, पाण्यात नाही.

तिसरं, फिल्टर फीड पंप. २० तासांत १०० केएल म्हणजे ताशी ५ घनमीटर. त्याला ७५० मिमी व्यासाचा सँड फिल्टर पुरतो. पण पंप ताशी १७ चा बसवलेला असतो आणि सहा तासांत सगळं ढकलतो. वाळूतून पाणी तिप्पट वेगाने गेलं की गाळ सोबतच जातो, कार्बन फिल्टर चोंदतो, आणि टॉयलेटच्या टाकीत काळपट पाणी येतं. रहिवासी ओरडतात ते या पाण्यावरून, लॅबच्या रिपोर्टवरून नाही.

गाळ तर कोणी काढतच नाही. या प्लांटमध्ये रोज १० ते १२ किलो कोरडा गाळ बनतो, प्रेसमधून साधारण ५० किलो ओली चकती. प्रेसचं कापड कोरं करकरीत दिसलं तर समजा तो गाळ फिल्टरमध्ये तरी गेला किंवा रात्री नालीत तरी.

तळमजल्यावर सावजी भोजनालय असेल तर ऑइल ट्रॅप आधी बघा. तर्रीचं तेल सरळ टाकीत आलं की मीडियावर थर बसतो आणि जीव गुदमरतो. ट्रॅप आठवड्याला साफ करणं हॉटेलवाल्याच्या गळ्यात लेखी घाला.

करारात तीन ओळी घालून घ्या. एमपीसीबीचं (राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं) कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र, कोणाच्या नावावर आहे ते. बरेचदा ते अजून बिल्डरच्याच नावावर असतं. बाहेर पडणाऱ्या पाण्याची हमी आत येणारा बीओडी ३०० च्या खाली असेल तरच. आणि पहिल्या ६० दिवसांत, दुरुस्त्या होईपर्यंत, दंड नाही.

मानेवाडा_पॅनेल
उपयोगी माहिती. मीडिया कमी निघाला तर पैसे कोणी द्यायचे? आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात काही वेगळं करावं लागतं का?

कन्सेंट_फाइल
ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ खाली समितीने बिल्डरला लेखी कळवायचं. कामाच्या दर्जातली खोट त्यात येते. तुम्ही फक्त मोजमापाचा रिपोर्ट फोटोसकट द्या, भांडणात पडू नका. पाच वर्षं उलटली असतील तर समितीच्या खर्चाने, आणि तो खर्च तुमच्या मासिक दरात गुपचूप शोषून घेऊ नका.

ब्लोअर_साडेसात
उन्हाळ्याचं सांगतो. २० अंशाच्या लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. वरून तळघरातला ब्लोअर ४५ अंशाची धूळभरली हवा ओढतो. म्हणून एप्रिल लागताच सक्शन फिल्टर दर आठवड्याला झटका, बेल्टचा ताण बघा, आणि सक्शनचा पाइप सावलीतल्या बाहेरच्या हवेपर्यंत न्या. टाकीत डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की आधी तळाशी बुडबुडे सोडणारे डिफ्युझर बघा: बुडबुडे एका कोपऱ्यातच उसळत असतील तर मेंब्रेन फाटलंय.

मे महिन्यात टँकर महागला की कोणीतरी हमखास म्हणतं, हेच पाणी कूलरला द्या. अजिबात नाही. कूलर पाण्याचे बारीक थेंब थेट श्वासात सोडतो. फ्लश आणि बगीचा, बस. या पाण्याची लाइन वेगळ्या रंगाची ठेवा, आणि पिण्याच्या टाकीशी जोडलेला एखादा बायपास व्हॉल्व्ह "तात्पुरता" राहून गेलाय का ते पहिल्याच दिवशी शोधा.

जलगणित
एक राहिलं. टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारात सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि कलेक्शन टँकमधला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वासही येईनासा होतो. सबमर्सिबल पंप वरून साखळीने काढता येईल असा गाइड रेल बसवून घ्या. ही सोय नसेल तर ती कंत्राटाच्या पहिल्या महिन्याच्या कामात टाका, कारण पंप अडकतो रात्री अकराला, आणि तेव्हा ऑपरेटर एकटाच असतो.