लाल दिव्याच्या जागी लाल बदाम चालतो का?

थांबलेला

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. 2022 मध्ये बंगलोरला जागतिक हृदय दिनाच्या निमित्ताने काही चौकांत सिग्नलचा लाल दिवा बदामाच्या आकाराचा केला होता, एका हॉस्पिटलची मोहीम, सोबत क्यूआर कोड वगैरे. त्याच्या आधी ऑगस्ट 2020 मध्ये आपल्याकडे दादर-माहीम भागात पादचारी सिग्नलवर पुरुषाच्या जागी फ्रॉकवाली बाई आली. आणि त्याच वर्षी जानेवारीअखेर मुंबई पोलिसांचा तो 'पनिशिंग सिग्नल'वाला व्हिडिओ, ज्यात हॉर्नचा आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचं काउंटडाउन परत 90 वर जायचं.

तिन्ही वेळा सगळीकडे वाहवा. मला मात्र यातलं काहीच पटलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 116 सांगतं की वाहतूक चिन्हं परिशिष्टात दिलीयत त्याच आकाराची, रंगाची, प्रकाराची आणि अर्थाची हवीत. आणि त्याच कायद्यात 'वाहतूक चिन्ह' या शब्दात सिग्नलही धरलेत. मग बदाम कुठून आला? उद्या कोणी गणपतीत मोदकाच्या आकाराचा हिरवा लावेल, निवडणुकीत काय लावतील ते तर बोलायलाच नको. सिग्नल ही संदेश द्यायची जागाच नाही. तिथे एकच संदेश असतो, थांब नाहीतर जा.

माहीमकरीण

अहो थांबलेले, बदामाचं तुमचं तुम्ही बघा पण आमच्या बाईला कशाला मध्ये ओढताय. मी रोज तिथूनच रस्ता ओलांडते. लाल रंगात उभी, हिरव्या रंगात चालतेय, यात कोणाचा गोंधळ होणार आहे? पादचारी दिव्याचा अर्थ रंग आणि 'उभं/चालतं' यावर ठरतो, कपड्यांवर नाही. मेलबर्नला 2017 मध्ये लावल्या, वेलिंग्टनला तर त्याच्याही आधी 2014 मध्ये केट शेपर्डची आकृती लावली, जिने तिथे बायकांना मताचा हक्क मिळवून दिला ती. कोणी गाडीखाली आल्याचं ऐकलं नाही.

खरी तक्रार करायची तर ही करा की हिरवी बाई पेटते आणि म्हातारं माणूस अर्ध्यात पोचेपर्यंत विझते. आकृतीवर एवढी चर्चा झाली, सेकंदांवर कोणी बोललं नाही.

हॅनोवरचा बंड्या

ताईंना अनुमोदन. पण हा वाद फक्त आपल्याकडचा नाही हां. व्हिएन्नात 2015 ला युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या वेळी पादचारी दिव्यांवर जोडपी लावली, बाई-पुरुष, दोन पुरुष, दोन बायका, मध्ये बदाम. लगेच तिथल्या फ्रीडम पार्टीच्या नेत्याने आरडाओरडा केला की हे वाहतूक नियमात बसत नाही, खटला भरतो. दिवे राहिले. इथे जर्मनीत फ्रीडबर्ग गावात 2018 पासून पादचारी दिव्यात एल्विस प्रेस्ली आहे, लष्करी नोकरीत तो तिथे होता म्हणून, लाल झाला की माइकसमोर उभा, हिरवा झाला की कंबर हलवतोय. आणि पूर्व जर्मनीचा आम्पेलमान, म्हणजे पादचारी दिव्यातला टोपीवाला माणूस, तर 1961 पासूनचा, भिंत पडली, देश गेला, हा उरला.

एक लक्षात घ्या पण, हे सगळं पादचारी दिव्यात. गाडीच्या दिव्याला इथे असला हात लावलेला मी तरी पाहिला नाही.

रस्तेवाला

बंड्याने शेवटच्या ओळीत बरोबर जागी बोट ठेवलंय. मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. पादचारी उभा असतो, त्याला बघायला वेळ असतो. गाडीवाला पन्नासच्या स्पीडने येतो, त्याला विचार करायला लावायचंच नसतं. म्हणून गाडीच्या दिव्यात जागा, रंग, आकार तिन्ही ठरलेलं असतं, लाल वर, पिवळा मध्ये, हिरवा खाली, सगळे गोल, आणि बाण असेल तर बाणाचा अर्थ 'फक्त या दिशेने'. आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी 93 आहे सिग्नलसाठी, 1985 चं. शिवाय रस्त्यावरची चिन्हं आणि सिग्नल यांच्यावरचा 1968 चा आंतरराष्ट्रीय व्हिएन्ना करार, ज्यात भारत 1980 मध्ये सामील झाला, त्यातही उभ्या सिग्नलमध्ये लाल वरच.

आता बदाम. गोल लेन्सवर बदामाचा मुखवटा चढवला की उजेडाचं क्षेत्रफळ कमी होतं. दुपारच्या उन्हात, धुळीने माखलेल्या काचेवर, आधीच लाल नीट दिसत नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे, संस्कृती वगैरे काही नाही.

फुकट_लेफ्ट

अरे काय चाललंय काय, आपल्या गावात सिग्नल चालू असला तरी सणासारखं वाटतं आणि तुम्ही बदामाचं क्षेत्रफळ काढताय 😂 बंगलोरवाल्यांनी लाल रंग ठेवला, वर ठेवला, फक्त आकार बदलला, त्याने लोक थांबले नाहीत असं झालं का? उलट लोकांनी वर मान करून बघितलं तरी. आमच्याकडे वडाच्या पारंब्यांमागे अर्धा झाकलेला सिग्नल आहे, तो कुठल्या परिशिष्टात बसतो ते सांगा आधी. नियमात बसणारा पण न दिसणारा दिवा चालतो आणि नियमात न बसणारा पण दिसणारा चालत नाही, हे कुठलं लॉजिक.

थांबलेला

@फुकट_लेफ्ट, झाड छाटत नाहीत म्हणून बदाम लावावा, हे लॉजिक तुमचं. दोन्ही चुकीचं असू शकतं ना राव. आणि 'लोकांनी वर बघितलं' हाच तर प्रॉब्लेम, क्यूआर कोड स्कॅन कधी करणार माणूस, क्लच दाबून?

वकीलीणबाई

कायद्यावर थोडं. कलम 116 मध्ये एक गोष्ट अशीही आहे जी इथे कोणी काढली नाही. चिन्ह झाकणारी, चिन्हासारखीच दिसून फसवणारी, किंवा ड्रायव्हरचं लक्ष विचलित करणारी जाहिरात हटवायचा अधिकार पोलिसांना आहे. म्हणजे बदामापेक्षा त्याच्या सोबतचा क्यूआर कोड मला कायद्याच्या दृष्टीने जास्त अडचणीचा वाटतो. ज्यांनी हटवायचं त्यांनीच परवानगी दिली तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न उरतोच.

पण थांबलेले, तुमचंही पूर्ण बरोबर नाही. परिशिष्टात मुख्यतः पाट्या आहेत. दिव्याचा अर्थ ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समधून येतो, 1989 ची होती ती 2017 मध्ये बदलली. कोर्टात कोणी 'लाल बदाम होता, लाल गोल नव्हता, म्हणून मी गेलो' असं म्हणालं तर न्यायाधीश हसतील. 2019 च्या दुरुस्तीनंतर लाल दिवा तोडणं कलम 184 मध्ये स्पष्ट लिहिलंय, धोकादायक ड्रायव्हिंग म्हणून, पहिल्या गुन्ह्याला 1000 ते 5000 दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद किंवा दोन्ही. तिथे आकार विचारत नाहीत.

हिरवा_की_लाल

मी सहसा नुसता वाचत असतो पण इथे लिहायलाच हवं. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जून 2020 मध्ये केंद्राने नियम बदलला, सौम्य आणि मध्यम रंगांधळेपण असलेल्यांना लायसन्स मिळायला लागलं, त्यातला मी एक. मी रंग बघतच नाही, वरचा पेटलाय की खालचा ते बघतो. रात्री अंधारात सांगाडा दिसत नाही तेव्हा एकच दिवा पेटलेला असला की जरा पंचाईत होते, मग पुढच्या गाडीच्या मागे राहायचं.

म्हणून मला आकाराचं वावडं नाही, उलट आकार हवाच आहे. फक्त सगळीकडे एकच हवा. वीस चौकांत बदाम आणि बाकी शहरात गोल, त्याचा मला काडीचा उपयोग नाही.

मॉन्ट्रियलचा मोरू

@हिरवा_की_लाल भाऊ, तुम्ही क्यूबेकला या. इथे बऱ्याच ठिकाणी सिग्नल आडवा असतो, दोन्ही टोकांना लाल आणि तेही चौकोनी, पिवळा पत्त्यातल्या चौकटसारखा, हिरवा गोल. सुरुवातीला मला दोन लाल बघून वाटलं काहीतरी बिघडलंय. नंतर कळलं की रंग न ओळखणाऱ्याला आकारावरून कळावं, बर्फात अर्धा झाकला तरी कळावं. चमत्कारिक दिसतो पण अख्ख्या प्रांताला ठाऊक आहे.

याच्या उलट किस्सा सीमेपलीकडे, न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूज गावात. टिपररी हिल नावाची आयरिश वस्ती. 1925 च्या सुमाराला सिग्नल लागला तर पोरं लाल दिव्यावर दगड मारायची, कारण आयरिश हिरव्याच्या वर ब्रिटिश लाल कसा काय! नवा लावला की परत फोडायचे. शेवटी 1928 मध्ये पालिकेने हात टेकले आणि हिरवा वर, लाल खाली केला. आजही तसाच आहे. शिवाय दगड मारणाऱ्यांचा पुतळाही उभारलाय.

फुकट_लेफ्ट

बघा!! दगड मारला की सिग्नल आपल्या मनासारखा होतो. हे सांगायला नको होतं तुम्ही आमच्या नगरसेवकांना.

रस्तेवाला

हसा, पण तो एक दिवा रंगांधळ्या माणसाला उलटाच अर्थ सांगतो. तिथे अपघात होत नसेलही, गावाला माहीत आहे म्हणून. परगावचा माणूस काय करेल? माझ्या मते उलटा दिवा हा बदामापेक्षा कितीतरी गंभीर.

आणि तो आवाजाचा सिग्नल मूळ धाग्यात आलाय त्यावर कोणी बोललंच नाही. तंत्राच्या बाजूने त्यात नियमभंग नाही, कारण लाल किती वेळ ठेवायचा हे ज्याच्या ताब्यात चौक आहे तो ठरवतो. पण एका बाजूचा लाल वाढला की दुसऱ्या बाजूचं चक्र सरकतं, पुढच्या चौकाशी जुळवलेलं गणित बिघडतं. रात्री थोडे दिवस केलं, मोहिमेपुरतं, म्हणून खपलं. रोज करायला गेलात तर अख्खी पेडर रोड तुंबेल.

माहीमकरीण

तुंबू दे की. हॉर्न ऐकून ऐकून आमचे कान तुंबलेत त्याचं काय. मला तर ती आयडिया भारी वाटली होती, एवढ्या मोहिमांत तीच एक जिने खरंच काहीतरी *केलं*.

वकीलीणबाई

ताई, राग समजू शकते. पण उगाच हॉर्न वाजवण्यासाठी कायद्यात 194-एफ आहे, पहिल्यांदा 1000, पुढे 2000, आणि ते वाजवणाऱ्याकडून घ्यायचे. इथे वाजवतो मागचा टेम्पो आणि शिक्षा पुढच्या रिक्षातल्या पेशंटला. वर्गात एकाने शिट्टी मारली म्हणून सगळ्यांना बाकावर उभं करायचं, तसला प्रकार. गंमत म्हणून ठीक, कायदा म्हणून नाही.

थांबलेला

धन्यवाद, हेच म्हणत होतो. बाईच्या आकृतीबद्दल मात्र माहीमकरीण ताई आणि बंड्याशी भांडत बसत नाही, पादचारी दिवा वेगळा हे रस्तेवाल्यांचं पटण्यासारखं आहे. बदामावर ठाम.

बाणेरचा बाण

तुम्ही सगळे दिव्यात अडकलात. सगळ्यात विचित्र सिग्नल म्हणजे आपला फ्री लेफ्ट, ज्याला दिवाच नाही! पुण्यात निम्म्या लोकांची पक्की श्रद्धा आहे की डावीकडे वळायला लाल लागूच होत नाही. तुम्ही लाल बघून डाव्या बाजूला थांबा, मागून आजोबासुद्धा स्कूटरवरून शिव्या घालतात. नियम काय आहे एकदा कोणीतरी लिहा.

वकीलीणबाई

लाल म्हणजे लाल, डावीकडे वळायचं असलं तरी. तिथे तशी पाटी असेल किंवा डावा हिरवा बाण पेटला असेल तरच जायचं, आणि तेव्हाही चालणाऱ्याला आधी जाऊ देऊन. पोलीस उभा असेल तर त्याचा हात दिव्याच्या वर.

हॅनोवरचा बंड्या

इथेही असतं हे, लाल दिव्याशेजारी हिरव्या बाणाची पत्र्याची पाटी, फक्त इकडे ती उजवीकडे वळायला. पूर्व जर्मनीने 1978 मध्ये काढली, एकीकरणानंतर 1994 पासून सगळ्या देशात. पण आधी गाडी *पूर्ण* थांबवायची, चाक हलता कामा नये, मग बघून जायचं. न थांबता गेलात तर लाल तोडल्यासारखी पावती. अमेरिकेतही 70 च्या दशकात तेलाच्या टंचाईत पेट्रोल वाचवायला लालवर उजवं वळण सुरू झालं, पण न्यूयॉर्क शहरात पाटी नसेल तर अजून बंदीच.

फुकट_लेफ्ट

माझं नाव घेऊन चर्चा चाललीय म्हणून येतो 😄 बघा, डावीकडे जाणारा कोणाच्या आडवा जात नाही. त्याला लालवर दोन मिनिटं उभं करून फक्त धूर वाढतो. नियम बदला आणि सगळीकडे फ्री करा, झंझट मिटेल.

माहीमकरीण

कोणाच्या आडवा जात नाही? माझ्या आडवा जातो की! हिरवी बाई पेटलेली असते, मी झेब्र्यावर, आणि डावीकडून हे वळणारे. तुमच्या लेखी चालणारी माणसं 'कोणी' नाहीतच वाटतं.

रस्तेवाला

ताई बरोबर. फ्री लेफ्ट द्यायचा तर वेगळी डावी लेन हवी, मध्ये त्रिकोणी बेट हवं जिथे चालणारा सुरक्षित उभा राहील, आणि त्या लेनवर स्वतंत्र क्रॉसिंग. बहुतेक चौकांत नुसती पाटी ठोकतात, बेट नाही, लेन नाही. सरळ जाणारेच डावीकडे उभे असतात, मग मागचे हॉर्न, आणि परत 85 डेसिबल.

बाणेरचा बाण

बरं, एक प्रॅक्टिकल सांगा. आमच्याकडे एका चौकात 'डावीकडे वळण मुक्त' पाटी आहे पण फांद्यांमागे, आणि कॅमेरा लालवर डावं वळणाऱ्यांचेही फोटो काढतो. दोन ओळखीच्यांना चलान आलंय. भरायचं का?

वकीलीणबाई

भरू नका लगेच. पाटीचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा, फांद्यांसकट, आणि राज्याच्या वाहतूक ॲपवर त्या चलानाविरुद्ध तक्रार टाका. नाही ऐकलं तर कोर्टात. आणि पालिकेला वेगळा अर्ज करा झाड छाटायला, दोन्ही एकाच अर्जात घातलंत तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतील.

फुकट_लेफ्ट

फांद्या छाटायच्या आधी फोटो काढा रे, नाहीतर पुरावाच छाटला जाईल.