क्रेगीव्हारचा गुलाबी गिलावा: दगड उघडाच का ठेवू नये?

गढीवेडा: स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनशरला क्रेगीव्हार नावाचं टॉवर हाऊस आहे, म्हणजे मनोऱ्यासारखी सरळ वर चढलेली सात मजली गढी. बाल्टिक समुद्रावरच्या व्यापारात गब्बर झालेल्या विल्यम फोर्ब्सने, उर्फ ‘डान्झिग विली’ने, १६२६ मध्ये ती पुरी केली. खालच्या भिंती अगदी साध्या; सगळी हौस वर, छोटे बुरूज आणि शंकूच्या छपरांत. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडने तिला पुन्हा गुलाबी केलंय. फोटो बघून वाढदिवसाचा केकच आठवला! चारशे वर्षांच्या दगडाला रंगरंगोटी हवी कशाला?

चुनेवाला: रंगाचं नंतर बघू, गिलावा हवाच. भिंत ओबडधोबड दगडांची आहे, उघडी ठेवण्यासाठी बांधलेलीच नाही. तिकडचं ‘हार्लिंग’ म्हणजे चुना, वाळू, बारीक खडी कालवून ते भिंतीवर फेकून मारायचं. पाऊस अडतो, आणि मुरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. १९७० च्या दशकात तिथे सिमेंटचा गिलावा झाला, पाणी आतच कोंडलं. २००७ ते २००९ मध्ये तो खरवडून परत चुना लावावा लागला.

गढीवेडा: मग एडिंबराजवळचा बॉर्थविकचा किल्ला? १४३० चा, उघड्या दगडाचा, अजून ठणठणीत. १६५० मध्ये इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या तोफांनी उडवलेले टवके आजही दिसतात. तेही लिंपायचे का?

चुनेवाला: बॉर्थविकचा दर्शनी दगड घडीव आहे, सांधे बारीक. त्याला गिलाव्याची गरजच नाही. दोन्हींना एक नियम लावू नका.

शंकासुर: चुना मान्य. पण गुलाबी रंग फोर्ब्सच्या काळचा नसून एकोणिसाव्या शतकातला, असं मानणारे बरेच आहेत. जीर्णोद्धारच करायचा तर मूळच्या फिक्या रंगावर जा ना! स्टर्लिंगच्या किल्ल्यातल्या ग्रेट हॉलला १९९९ मध्ये पिवळा दिला, तेव्हा निदान जुन्या थराचा पुरावा तरी होता. लोकांनी नावं ठेवली ती ठेवलीच.

चुनेवाला: दोनशे वर्षं गुलाबी असेल तर तोही इतिहासच की. आणि वरच्या मजल्यांवर विजेचे दिवेसुद्धा न घेणाऱ्या ट्रस्टवर नटवेपणाचा आरोप? कमाल आहे.

गढीवेडा: दिवे नाहीत ते उत्तमच. रंगाला माझा विरोध कायम.