विंचेस्टरची धर्मादाय घरं: म्हाताऱ्यांचा आधार की प्रमुखांची मिळकत?

देवकी_म

दक्षिण इंग्लंडात विंचेस्टरजवळ सेंट क्रॉस ही संस्था आहे. राजा स्टीफनचा भाऊ, बिशप हेन्री ऑफ ब्लॉइस याने ती ११३० च्या दशकात उभी केली. अंगात त्राण उरलेलं नाही अशा १३ गरीब पुरुषांना कायमचं छप्पर, अन्न आणि वस्त्र द्यायचं, शिवाय रोज १०० गरिबांना जेवू घालायचं, असा तिचा नेम होता. पंधराव्या शतकात कार्डिनल ब्यूफोर्टने वाईट दिवस आलेल्या खानदानी माणसांसाठी तिथेच दुसरी शाखा काढली. आजही तिथे म्हातारे 'ब्रदर्स' राहतात, जुन्या शाखेचे काळ्या झग्यात आणि ब्यूफोर्टच्या शाखेचे लाल झग्यात. दारात आलेल्या वाटसरूने मागितलं तर पावाचा तुकडा आणि बिअरचा घोट अजूनही मिळतो. आठव्या हेन्रीने देशभरातले मठ मोडले, त्यातूनही ही जागा वाचली. पुढे १६०७ मध्ये पीटर सिमंड्स या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून शहरात क्राइस्ट्स हॉस्पिटल झालं, म्हातारे पुरुष आणि काही मुलगे यांच्यासाठी.

अशा घरांना तिकडे आम्सहाऊस म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: गरिबांसाठी सरकारने जे केलं त्यापेक्षा ही घरं कितीतरी माणुसकीची होती. १८३४ च्या कायद्याने वर्कहाऊस, म्हणजे गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारी सरकारी घरं, देशभर पसरली. तिथे नवरा-बायकोची ताटातूट व्हायची आणि मुद्दाम इतके हाल ठेवायचे की कोणी सहजासहजी दार ठोठावू नये. याच हॅम्पशायर परगण्यात अँडोव्हरच्या वर्कहाऊसमध्ये खतासाठी हाडं कुटायला लावलेली माणसं त्या हाडांना चिकटलेलं मांस आणि आतली मज्जा भुकेपोटी खात होती, हे १८४५ मध्ये उघड झालं. सेंट क्रॉसमधल्या म्हाताऱ्याला मात्र स्वतःचं दार होतं.

कडुलिंब

ताई, साफ असहमत. या धर्मादाय घरांची तुमची गोष्ट सतराव्या शतकात थांबली, खरी पुढे आहे.

१८०८ मध्ये विंचेस्टरचे बिशप होते ब्राउनलो नॉर्थ. त्यांनी सेंट क्रॉसच्या 'मास्टर'पदी, म्हणजे प्रमुखपदी, नेमलं कोणाला? स्वतःच्या मुलाला, फ्रान्सिस नॉर्थला. हाच पुढे गिलफर्डचा अर्ल, म्हणजे सरदार, झाला. संस्थेच्या जमिनी नाममात्र भाड्याने दीर्घ पट्ट्यावर द्यायच्या आणि पट्टा नवा करताना घसघशीत नजराणा घ्यायचा, अशी पद्धत होती. हा नजराणा जायचा मास्टरच्या खिशात. आधाराला काय, तर १६९६ चा एक दस्त. जुने कागद हरवले आहेत आणि खर्च भागवून उरलेलं सगळं मास्टरचंच असतं अशी इथली रीत आहे, असं त्यात लिहून घेतलेलं. शंभर गरिबांच्या रोजच्या जेवणासाठी जो निधी होता, त्यावर एका सरदाराचं घर पोसलं जात होतं. १८५३ मध्ये न्यायाधीश रोमिली यांनी त्या दस्ताचे वाभाडे काढले. १८५५ मध्ये अर्लने पद सोडलं आणि नंतर कारभाराची नवी घडी बसली.

मग सांगा, हे दान वाचवलं कोणी? दात्याच्या पुण्याईने नाही, न्यायालयाने. त्याच १८५३ साली संसदेने कायदा करून धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणारं कायमचं चॅरिटी कमिशन नेमलं, कारण असे प्रकार एका शहरापुरते नव्हते.

रेवा_प

कडुलिंब यांच्याशी सहमत, पण मला पैशाच्या अफरातफरीपेक्षा निवड जास्त खटकते. 'लायक गरीब' कोण हे दाता आणि त्याचे विश्वस्त ठरवणार. प्रार्थनेला हजर राहा, झगा घाला, वागणूक नीट ठेवा. विधवांसाठी वेगळी घरं देशात होती, पण सेंट क्रॉस पुरुषांचं. जी बाई या कुठल्याच चौकटीत बसत नव्हती तिच्या वाट्याला शेवटी वर्कहाऊसच. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला कमाल ५ शिलिंग पेन्शन पोस्टात मिळू लागली, तेव्हा पहिल्यांदा म्हातारपण कोणाच्या मर्जीवर राहिलं नाही.

देवकी_म

कडुलिंब, गिलफर्डचं प्रकरण संतापजनक आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्याने घर लुटलं म्हणून घर बांधणं चुकीचं ठरत नाही. कारभार सुधारल्यावर ते पुन्हा म्हाताऱ्यांच्या कामी आलं.

रेवाताई, १९०८ च्या पेन्शन कायद्यातही वागणुकीची अट होती. तुरुंगात जाऊन आलेल्यांना आणि कामाची टाळाटाळ करणाऱ्यांना ती नाकारता येत होती. गरीबनिधीतून मदत घेणारेही सुरुवातीला वगळले होते. म्हणजे पारख सरकारनेही केलीच.

आणि आजचं बघा. १९८० च्या कायद्याने नगरपालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकत घेता आली आणि पुढच्या काळात लाखो घरं सार्वजनिक साठ्यातून गेली. धर्मादाय घरांना तो नियम लागू नव्हता. आज ब्रिटनमध्ये सुमारे ३५,००० माणसं आम्सहाऊसमध्ये राहतात. ही घरं विकली गेली नाहीत म्हणूनच पुढच्या गरजू माणसाला मिळतात.

कडुलिंब

विकली गेली नाहीत, मान्य. पण त्याच व्यवस्थेची दुसरी बाजूही मांडा. तिथला रहिवासी कायद्याने भाडेकरू नसतो, लाभार्थी असतो. तो भाडं नाही, देखभालीचा आठवड्याचा हिस्सा देतो, आणि भाडेकरूला असतं तेवढं संरक्षण त्याला नसतं. तुम्ही म्हणता त्याला स्वतःचं दार आहे. विश्वस्तांशी खटका उडाला की कळतं ते दार कोणाचं आहे.

रेवा_प

अगदी. घर विकू नका, पण राहणाऱ्याला भाडेकरूचा दर्जा द्या. घर विश्वस्तांच्याच नावावर राहील, तर निधीला धक्का कुठे लागतो?

देवकी_म

लागतो. दाता घर ठेवतो गरजूसाठी. कायम भाडेकरूचा दर्जा दिला आणि उद्या त्या माणसाला मोठा वारसा मिळाला, तरी विश्वस्त ते घर दुसऱ्या गरजूला देऊ शकणार नाहीत. संरक्षण हवं, पण ते दानपत्राच्या हेतूला बांधलेलं हवं. माझं म्हणणं असं की काढून टाकण्याची कारणं आधीच लेखी असावीत आणि विश्वस्त मंडळावर राहणाऱ्यांपैकी निदान एक जण असावा. गिलफर्डच्या काळात त्या ब्रदर्सपैकी एकाच्या हातात जरी हिशेबाची वही असती, तर १८५३ पर्यंत थांबावं लागलं नसतं.