मदत हवी आहे: फ्रीबीएसडी रोजच्या लॅपटॉपवर टाकावी का?

नमस्कार मंडळी,

सांगलीत माझं छोटं कर-सल्लागाराचं ऑफिस आहे. कोपऱ्यातल्या फाइल सर्व्हरवर चार वर्षं फ्रीबीएसडी (लिनक्ससारखीच, युनिक्स घराण्यातली फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) चालू आहे. झेडएफएस या फाइल सिस्टीमचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाच्या नोंदी) आपोआप पडतात, कुरबूर शून्य. म्हणून जुन्या थिंकपॅडवरही (आठव्या पिढीचा इंटेल, ८ जीबी रॅम) हीच टाकून पाहिली. लिनक्सवाला मित्र म्हणाला, "सर्व्हरची सिस्टीम ती, तुला कुठून सुचलं हे?"

इन्स्टॉल झाल्यावर समोर नुसतं काळं टर्मिनल. वायफाय मिळेना, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं. ते मात्र एका फटक्यात चाललं. मग झॉर्ग (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम) आणि एक्सएफसीई डेस्कटॉप टाकला. तरी अक्षरं फताडी, ताणलेली. डीआरएम-केमॉड (ग्राफिक्सचे ड्रायव्हर) टाकलं, आरसी डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये इंटेलच्या मॉड्यूलची ओळ लिहिली, स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घातलं, तेव्हा कुठे नीट दिसू लागलं. फायरफॉक्स, लिबरऑफिस, आयबसवर मराठी टंकन, सगळं व्यवस्थित. हे तिथूनच टंकतोय.

१४.० वरून १४.१ वर नेली आणि डेस्कटॉप सुरू होताना स्क्रीन काळी. बूट मेन्यूतून आधीचं बूट एन्व्हायर्नमेंट (अपग्रेडआधीच्या सिस्टीमची जपलेली प्रत) निवडलं, दोन मिनिटांत कालचा लॅपटॉप परत! या एका गोष्टीसाठी सोडवत नाहीये.

पण स्क्रीन काळी का झाली? आणि खरी अडचण डीएससी टोकनची (डिजिटल सही असलेलं यूएसबी उपकरण). क्लायंट कंपन्यांचं जीएसटी त्याशिवाय भरता येत नाही, आणि टोकनसोबत ड्रायव्हर येतात ते विंडोज-लिनक्सचे. फ्रीबीएसडीवर लिनक्सचे प्रोग्राम चालवायची जी लिनक्स कंपॅटिबिलिटी आहे, तीत कुणी टोकन चालवलंय का?

(नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ पोचवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालवतं, आणि वाइडवाइन (व्हिडिओची कॉपी रोखणारं कुलूप उघडणारा भाग) नाही म्हणून माझ्या फायरफॉक्समध्ये ते दिसत नाही. ते एक वेळ चालेल.)

प्रतिसाद:
काळ्या स्क्रीनचं कारण साधं आहे. तयार पॅकेजेस, ज्या मायनर आवृत्त्यांना (१४.०, १४.१ अशा) अजून सपोर्ट आहे त्यांतल्या सगळ्यात जुनीवर बांधतात. साध्या प्रोग्रामना फरक पडत नाही, कर्नल मॉड्यूल (सिस्टीमच्या गाभ्यात बसणारा भाग, तुमचा ग्राफिक्स ड्रायव्हर तसाच) मात्र रुसतं. अशा वेळी ते पोर्ट्समधून, म्हणजे सोर्स कोडवरून, स्वतः बांधायचं. १४.२ पासून कर्नल मॉड्यूलची वेगळी रेपॉझिटरी (पॅकेजांचं भांडार) आहे, तिकडे जा.
सर्व्हरची सिस्टीम वगैरे मनावर घेऊ नका, प्लेस्टेशन ४ पण फ्रीबीएसडीवरूनच बेतलेला आहे. टोकनचा नाद मात्र सोडा. बीहाइव्हमध्ये (फ्रीबीएसडीतलं व्हर्च्युअल मशीन) विंडोज टाकलंत तरी एकटं यूएसबी उपकरण आत देता येत नाही, अख्खा यूएसबी कंट्रोलर द्यावा लागतो. मी सहीपुरता एक जुना विंडोज डबा (कॉम्प्युटर) ठेवलाय.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. रेपॉझिटरी आज रात्रीच बदलतो. डबा आहे माळ्यावर, त्याचा चार्जर सापडला तर बघतो.